लेकरांचं सोयाबीन

युसूफ वडगावात बद्रीनाथ तात्यांची बैठक म्हणजे एकेकाळी दुसरी ग्रामपंचायतच होती. तात्या सरपंच होते तेव्हा तिथल्या तक्क्यांना टेकून भांडणं मिटली, सोयरिकी जुळल्या, आणि निवडणुकीत कुणाला पाडायचं तेही तिथंच ठरलं. आता त्याच तक्क्यांना टेकून गावातल्या नोकरदारांची लेकरं बसत. कुणी तक्क्याची खोळ चावत असे, कुणी तक्क्याचा घोडा करून हाकत असे, आणि एखादं तरी कायम ओलं असे.

ही सगळी करामत तात्यांच्या सुनेची, दीपमालाची. तिची आरोही रांगायला लागली होती, तेव्हा आरोग्य केंद्रातल्या नर्सबाई आपलं तान्हं घेऊन आल्या आणि म्हणाल्या, तासभर बघा, लसीकरण उरकून येते. तासाचा दिवस झाला आणि दिवसाचा रोजचा नेम झाला. मग शाळेतल्या गुरुजींचं पोरगं आलं, बँकेतल्या मॅडमची मुलगी आली. ही सगळी बाहेरगावची माणसं. घरात ना आई ना सासू, कामावर जाताना लेकरू ठेवायचं कुठं? दीपमालाकडे लेकरं अशी रमत, की आई न्यायला आली की गळा काढत. महिना भरल्यावर नर्सबाईंनी पैसे पुढे केले. दीपमाला नको म्हणाली, पुन्हा नको म्हणाली, आणि तिसऱ्यांदा तिनं घेतले. घेतले ते बरंच केलं. फुकट राबणाऱ्या बाईला लोक चार दिवस देवमाणूस म्हणतात, आणि मग सुट्टीच्या दिवशीही लेकरू आणून सोडतात.

तात्यांची मात्र पंचाईत झाली. घर मोठं, रान मोठं, बाजारात खत-बियाण्यांचं दुकान. अशा घरच्या सुनेनं पैसे घेऊन लोकांची लेकरं सांभाळायची? "आपल्या घरातल्या बाया मजुरी करत न्हाईत," असं त्यांनी ठणकावून सांगितलं. पैसे परत कर, असं मात्र काही ते म्हणाले नाहीत. त्यांनी मधला मार्ग काढला. लेकरांच्या आईबापांनी पैसे तात्यांच्या खात्यावर टाकायचे, म्हणजे सुनेच्या हाताला पैसा लागणार नाही आणि घराची इज्जतही राहील. वर्षाकाठी केजला मोहनराव कर सल्लागारांकडे तात्यांचे इन्कम टॅक्सचे कागद होत, तिथं हा पैसा सोयाबीनचा म्हणून लागे. शेतीच्या उत्पन्नाला कर नाही. त्यामुळं ज्या पैशाचं मूळ सांगायला तात्यांना लाज वाटे, तो पैसा त्यांच्या घरात बिनबोभाट सोयाबीन होऊन जाई. पाऊस पडो न पडो, कागदावरचं सोयाबीन नेहमी जोमात असे.

दीपमालाला या सोयाबीनचं काहीच माहीत नव्हतं. माहीत झालं ते बंकटच्या तोंडाळपणामुळं. बंकट हा तात्यांचा जुना विरोधक. निवडणुकीचे वारे वाहायला लागले तसा तो चहाच्या टपरीवर चारचौघांत म्हणाला, "तात्याच्या बैठकीत आता शी-शूचेच ठराव पास होतेत म्हनं!" टपरी खो खो हसली. तात्यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. घरी येऊन त्यांनी सुनेला सांगून टाकलं, "पंचमीपस्तोर बैठक खाली कर. लई झालं शेजारपण. मला माणसं बसवायला जागा पायजे."

हे काम गेलं तर आपलं काय उरतं, हे दीपमालाला त्या क्षणी लख्ख कळलं. स्वयंपाक होता, धुणं होतं, ते सगळ्याच घरांत होतं. पण "दीपमालाताईंकडं लेकरू ठेवलंय, मग काळजी नाही," हे वाक्य फक्त तिचं होतं. ते ती सोडणार नव्हती.

तिनं शाळेसमोरच्या दोन खोल्या हेरल्या. मालक भाड्यानं द्यायला तयार होता. पण फरशी उखडलेली, संडास नाही, अंगणाला कुंपण नाही. दुरुस्तीला पैसा हवा होता. ती बँकेत गेली. बँकेतल्या मॅडमनी, ज्यांची स्वतःची मुलगी त्या घटकेला दीपमालाच्या बैठकीत तिच्या सासूच्या, छबुबाईंच्या, मांडीवर झोपली होती, तिचे कागद बघितले आणि मान हलवली.

"ताई, तुम्ही काय करता आणि काय कमावता ते मला ठाऊक आहे. पण बँकेला कसं ठाऊक होणार? तुमचं खातं रिकामं आहे. तुमच्या नावानं एकदा इन्कम टॅक्सचं रिटर्न भरा, ते घेऊन या. कर्जाचं मी बघते."

रात्रीच्या जेवणाला तिनं हा विषय काढला, तसे तात्या घास हातात धरूनच हसले. "रिटर्न? बायामाणसाचं कसलं आलंय रिटर्न? तू तर घरीच असतीस!"

तिचा नवरा शिवशंकर मूग गिळून बसला होता. तो दुकान बघायचा आणि बापाच्या शब्दाबाहेर जायचा नाही. माणूस वाईट नव्हता, फक्त भांडण सुरू झालं की त्याला भाकरीत फार रस वाटायला लागे. मागच्या दारी हात धुताना तो हळूच म्हणाला, "तुजं रिटर्न कसं निघंल? तुजे पैसे तात्या सोयाबीनमदी धरतेत."

"कशात?"

"सोयाबीनमदी."

दीपमालाला आधी हसू आलं. मग राग आला, आणि तो इतका आला की डोळ्यांतून पाणीच वाहू लागलं. किती लेकरांची तोंडं पुसली, किती जणांना मांडीवर घेऊन भरवलं, तापातल्या पोराच्या डोक्यावर पट्ट्या ठेवत किती दुपारी बसले, आणि कागदावर त्याची झाली सोयाबीनची पोती! चोरानं पैशाचा डबा नेला असता तर निदान डबा होता असं तरी कुणी म्हटलं असतं. इथं तर आपण काही केलं याचाच पत्ता नव्हता.

आषाढातल्या एका रविवारी तात्या केजला निघाले. रिटर्नची मुदत जवळ आलेली, मोहनरावांचं ऑफिस रविवारीही उघडं होतं. दीपमालानं पंचमीच्या बांगड्या भरायचं निमित्त काढलं, छबुबाईंना बरोबर घेतलं आणि आरोहीला कडेवर मारून जीपमध्ये जाऊन बसली. पर्समध्ये पॅन कार्ड आणि आधार कार्ड घ्यायला ती विसरली नाही. बांगड्या भरून झाल्यावर "आमी बी सावलीला बसतो" म्हणत दोघी तात्यांच्या मागोमाग ऑफिसात शिरल्या. तात्यांनी कपाळाला आठ्या घातल्या, पण परक्यासमोर काय बोलणार?

मोहनराव घाईत होते. कॉम्प्युटरवरची नजर न काढता म्हणाले, "तात्या, मागच्या सालासारखंच धरतो. दुकानाचं दुकानात, आन बाकीचं सोयाबीन."

"धरा की."

"मामा," बाकावरून दीपमाला सासऱ्याला म्हणाली, "सोयाबीन तर पाण्यात गेलतं."

मोहनरावांची बोटं थांबली. तात्यांनी वळून सुनेकडे असं बघितलं, जसं काही तिनं भर सभेत माईक हिसकावला होता.

पण खोटं काय होतं त्यात? मागच्या सालच्या पुरात सगळं सोयाबीन कुजून गेलं होतं. तात्यांनीच पुढाकार घेऊन तहसीलवर मोर्चा नेला होता. गुडघाभर पाण्यात उभे राहून, हातात काळं पडलेलं झाड धरून, त्यांनी पेपरात फोटो दिला होता. त्याखाली छापलं होतं, शंभर टक्के नुकसान. पंचनामा झाला, भरपाईही खात्यावर आली. तो फोटो तात्यांनी काच लावून दुकानात टांगला होता.

मोहनरावांनी चष्मा काढला. "तात्या, भरपाई घेतली?"

"घेतली."

"शंभर टक्क्याची?"

"मग? समदंच गेलतं की!"

"मग आता मी सोयाबीन कुठून आणू?"

तात्यांनी क्षणभर विचार केला. "तूर धरा."

"तूर त्याच रानात हुती," छबुबाई हळूच पुटपुटल्या.

"कापूस?"

"कापूस तुम्ही लावलाच नव्हता," मोहनराव म्हणाले.

"मग ऊस धरा."

"ऊस कारखान्याच्या काट्यावर जातो तात्या. वजनाची पावती लागंल."

"दूध! दोन म्हशी हायत घरी."

"दूध शेतीच्या उत्पन्नात बसत नाही."

तात्या घायकुतीला आले. "मग कोथिंबीर लिवा! कोथिंबिरीला कुठं पावती असती?"

मोहनरावांनी तात्यांच्या खात्याचा उतारा त्यांच्यापुढं सरकवला. "हे पैसे महिन्याच्या महिन्याला येतेत. पाठवणार कोण? आरोग्य केंद्रातल्या नर्स, शाळेचे गुरुजी, बँकेच्या मॅडम. हे समदे वर्षभर दर महिन्याला तुमच्याकडून हजारोंची कोथिंबीर घेतेत, असं लिवू?"

छबुबाईंनी पदर तोंडाला लावला, तरी हसू फुटलंच. आरोहीला काही कळलं नाही, पण आजी हसली म्हणून तीही टाळ्या पिटू लागली.

"हसण्यावारी नेऊ नका तात्या," मोहनराव गंभीर झाले. "उद्या तुम्ही सरपंचकीला उभं राहणार. अर्जासंगं उत्पन्न सांगावं लागतंय, आन ते कुणीबी वाचतंय. एका कागदावर सोयाबीन बुडालं आन दुसऱ्या कागदावर सोयाबीन पिकलं, हे बंकटला दिसणार न्हाई व्हय?"

बंकटच्या हातात ते दोन कागद आले तर टपरीवर काय होईल, हे तात्यांच्या डोळ्यांपुढं उभं राहिलं. त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली.

दीपमाला उठून उभी राहिली. सासऱ्यासमोर ती इतक्या वर्षांत कधी मोठ्यानं बोलली नव्हती. आज बोलली.

"लेकरांचे हायत म्हणून लिवा की. जे हाय ते लिवा. ते पैसे मामांचे न्हाईत, रानाचे न्हाईत. मी लेकरं सांभाळली, त्याचे हायत. माज्या नावानं लिवा."

"गाव काय म्हनंल?" तात्या म्हणाले.

"गावाला म्हायती हाय मामा. गावाचीच लेकरं हायत ती. एक आपलं घर सोडून समद्यांला म्हायती हाय."

तात्या खुर्ची वळवून खिडकीबाहेरचा रस्ता बघत बसले. मोहनराव थोडा वेळ थांबले. पण मुदत जवळ आलेली, बाहेर बाकावर आणखी माणसं बसलेली. तात्या नाही म्हणत नाहीत याचा अर्थ त्यांनी आपल्या सोयीनं लावला आणि दीपमालाचं पॅन कार्ड मागितलं.

"ज्याच्या कष्टाचं, त्याचं उत्पन्न," ते टाइप करता करता सांगू लागले. "पैसे आजवर तात्यांच्या खात्यावरून फिरले, तसं तात्यांनी लिहून द्यायचं. इथून पुढं तुमच्या खात्यावर घ्या. बरं, खर्च सांगा. दूध, बिस्किटं, साबण, काय असंल ते. मदतीला कुणी हाय?"

"आत्याबाई हायत की," दीपमाला चटकन म्हणाली. "त्यांच्याबगर जमलंच नसतं. तान्ही लेकरं त्याच बघतेत."

"त्यांला काय देता?"

दीपमालानं सासूकडे बघितलं. छबुबाई आरोहीच्या झग्याचं बटण लावत होत्या, जसा काही तो प्रश्न दुसऱ्याच कुणाबद्दल होता.

"काही न्हाई," दीपमाला म्हणाली.

"दिलं नसंल तर लिवता येत न्हाई." मोहनराव पुढच्या रकान्याकडे गेले.

इतके दिवस ज्या गोष्टीसाठी दीपमाला सासऱ्यावर जळत होती, तीच तिनं सासूच्या बाबतीत केली होती, आणि तिला ती दिसलीही नव्हती. खाली मान घालून ती बाकावर टेकली.

मोहनरावांनी आकडे जमवले, आणि म्हणाले, "कर शून्य."

"शून्य?" दीपमाला पुन्हा उभी राहिली. इतकं भांडून शून्य! "काहीच भरायचं न्हाई? थोडंबी?"

मोहनराव पहिल्यांदाच मनापासून हसले. कर भरायला मिळत नाही म्हणून हिरमुसलेलं गिऱ्हाईक त्यांनी आजवर बघितलं नव्हतं. "ताई, कर शून्य हाय. उत्पन्न शून्य न्हाई. ते हे बघा, हितं. तुमचं नाव. आन हितं व्यवसाय: लहान मुलांचा सांभाळ."

"परत एकदा वाचा."

त्यांनी परत एकदा वाचलं. दीपमालानं डोळे मिटून ते ऐकलं.

"आता आधारवरच्या मोबाईलला ओटीपीचा नंबर यील. तो सांगा, की झालं काम."

दीपमालानं आपला फोन पुढं धरला. फोन गप्पच राहिला. वाजला तो तात्यांच्या सदऱ्याचा खिसा.

सगळ्यांना एकदमच उमगलं. गावात आधारचा कॅम्प झाला तेव्हा तात्यांनी घरातल्या सगळ्या बायकांच्या कार्डाला स्वतःचाच नंबर दिला होता. बायकांना कशाला फोन येतात, असा त्यामागचा हिशेब होता. आता सुनेच्या नावानं आलेला तो नंबर सासऱ्याच्या खिशात होता, आणि तो त्यांनी वाचल्याशिवाय काही होणार नव्हतं.

तात्यांनी फोन काढला. हात लांब करून पडद्याकडे बघितलं. त्यांना काहीही करता आलं असतं. दिसत नाही म्हणता आलं असतं, मेसेज आलाच नाही म्हणता आलं असतं, फोन खिशात टाकून जीपकडे चालू लागता आलं असतं. दीपमालानं हात जोडले नाहीत, की काही बोलली नाही. ती नुसती त्यांच्याकडे बघत राहिली.

बोलल्या त्या छबुबाई. "वाचा की वो. कावून थांबलाव? लेकरं खरी हायत, पैसे खरे हायत. सोयाबीनच तेवढं खोटं हाय."

तात्यांनी बायकोकडे बघितलं, सुनेकडे बघितलं, आणि घसा खाकरला. मग एकेक आकडा, सभेत ठराव वाचावा तसा, मोठ्यानं वाचू लागले. मधेच एक आकडा चुकला, तर स्वतःहून म्हणाले, "थांबा थांबा, सात हाय तितं." शेवटचा आकडा टाइप झाला. मोहनरावांच्या मशीनमधून पावतीचा कागद गरम गरम बाहेर आला. दीपमालानं तो दोन्ही हातांनी घेतला आणि जीपमध्ये बसेपर्यंत घडीसुद्धा घातली नाही.

परतीच्या वाटेवर नाक्यावर तात्यांनी जीप थांबवायला लावली, सगळ्यांना भजी घेतली, आणि सुनेपुढं द्रोण धरत म्हणाले, "बैठकीतली लेकरं खोल्या हुईस्तोर ऱ्हाऊ दे. येकदम कुठं नेशीन?" माफी मागायची तात्यांना सवय नव्हती. दीपमालानं भजी घेतली.

बँकेतल्या मॅडमनी शब्द पाळला. खोल्यांना नवी फरशी बसली, कुंपण झालं, संडास झाला, लेकरांसाठी बुटक्या मोऱ्या झाल्या. पंचमीच्या आधी लेकरं तिकडं गेली, आणि भिंतीवर पाळणाघराची पाटी लागली. पाटी लावायला शिवशंकर शिडीवर चढला होता. वाकडी लागली म्हणून त्यानं ती पुन्हा काढून सरळ लावली, आणि त्या दिवशी दुकान दुपारपर्यंत बंद राहिलं तरी त्यानं बापाला विचारलं नाही.

बंकट गप्प बसणारा नव्हता. टपरीवर तात्या दिसताच त्यानं हाक दिली, "काय तात्या, सून लेकरं सांभाळती, आन वर रिटर्न बी भरती म्हनं?"

टपरी कान टवकारून बसली. तात्यांनी बशीतला चहा शांतपणे संपवला.

"भरती," ते म्हणाले. "सोताच्या कमाईचं भरती. तुज्या घरात कोण भरतंय बे?"

बंकटनं बोलायला तोंड उघडलं, आणि मग काहीतरी आठवल्यासारखं पुन्हा मिटलं. त्याच्याही घरी सोयाबीन दरसाल जोमात असे. त्यानंतर तात्यांना आपलं ते वाक्य इतकं आवडलं, की लग्नात, दहाव्याला, बाजारात, जिथं चार माणसं जमतील तिथं ते सुनेच्या रिटर्नचा विषय काढू लागले. ऐकणारा असा समज करून घेई, की ही कल्पना मुळात तात्यांचीच. दीपमालाच्या कानावर ते येई. तिला हसू येई, आणि ती म्हणे, सांगू देत.

महिना भरला. दीपमालाच्या स्वतःच्या खात्यावर पहिल्यांदा पैसे आले. संध्याकाळी सगळी लेकरं गेल्यावर तिनं नव्या फरशीवर बसलेल्या छबुबाईंच्या पुढं नोटा ठेवल्या.

"हे काय?"

"तुमचा पगार, आत्याबाई."

"येडी का काय? घरच्याला कसला पगार?"

"मामाबी असंच म्हणत हुते," दीपमाला म्हणाली. "माजं चुकलं. आधीच द्यायला पायजे हुता."

छबुबाईंनी नोटांकडे बघितलं. लग्न होऊन त्या या घरात आल्या तेव्हापासून त्यांनी खुरपलं होतं, कापूस वेचला होता, गड्यांच्या भाकरी थापल्या होत्या. कुणी त्यांच्या हातावर, हे तुझं, म्हणून एक नोट ठेवली नव्हती. त्यांनी हात पदराला पुसला आणि पैसे उचलले. दारात तात्या येऊन उभे होते. सवयीनं त्यांनी हात पुढं केला. "आण हिकडं, ठिवतो कपाटात."

"न्हाई," छबुबाई म्हणाल्या. "माज्यापशीच ऱ्हाऊ द्या."

तात्यांचा हात तसाच हवेत राहिला. मग त्यांनी तो दाराच्या चौकटीवर टेकवला, जणू त्यासाठीच पुढं केला होता. छबुबाईंनी नोटा कमरेला खोचल्या, पदर सारखा केला आणि सुनेकडे वळल्या. त्यांचा आवाज एकदम कामाचा झाला.

"म्या काय म्हनते दीपमाला, नर्सबाईंचं धाकटं फुडल्या म्हैन्यात यायलंय. तान्ही लेकरं वाढायलीत. तवा मला वाढवून द्यावं लागंल."